ताकाचा सोमवार

६ जानेवारी २०२५, सोमवार

शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आज पुन्हा एकदा तपासणी येणार असं कळलं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

सकाळी भांडी घासत होते तेवढ्यात चिमणाबाई दारात. हातात लखोटा, त्यावर तिच्या चिखलाच्या बोटांचे ठसे. "संयू, कचेरीतनं आलंय. वाच की."

मंगळवार पेठेत मला सगळे इंगवले बाई म्हणतात. संयू म्हणणारी ही एकटीच उरली. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. मग तिच्या आजोबांनी तिला जपानी बागेत कामाला नेलं, ती तिथलीच झाली. मागं कुणी नाही, बागेतल्या खोलीत एकटीच राहते.

पत्र बागेबद्दलच होतं. बाग शहराच्या वारसा यादीत आहे. एप्रिलमध्ये समिती येऊन 'मूळ स्वरूप टिकून आहे किंवा कसे' याची पाहणी करणार आणि यादीत ठेवायची की वगळायची ते ठरवणार. वगळली तर जागा वाहनतळासाठी घेणार. वाहनतळ ऐकल्यावर चिमणाबाई उंबऱ्यावर मटकन बसली. "मग मी कुठं जाऊ गं?"

मी म्हटलं, "चिमणे, रडायचं काम नाही. एकतीस वर्षं तपासण्या काढल्यात मी, एकदासुद्धा शेरा वाईट नाही. बाग अशी चकाचक करते की साहेब बघत राहतील."

"चकाचक?" ती म्हणाली. मग उठून ताकाचा तांब्या मागितला. आज सोमवार ना.

हे ताकाचं प्रकरण आमच्या गल्लीबाहेर कुणाला सांगून पटत नाही. संस्थानच्या काळात एका हौशी सरदारानं जपान बघून आल्यावर ही बाग करवली. तिकडून एक माळी आणला, त्याला सगळे जपानी मास्तर म्हणायचे. चिमणाबाईचे आजोबा त्याच्या हाताखाली. दगडावर शेवाळ धरेना, तेव्हा आजोबांनी पातळ ताक शिंपडून बघितलं आणि शेवाळ धरलं. तेव्हापासून गल्लीतलं प्रत्येक घर सोमवारी बागेला तांब्याभर ताक देतं. माझ्या सासूनं दिलं, मी देते. बागेला आम्ही दिलेलं काय, तर एवढंच. आता जरा मोठं काहीतरी द्यायची वेळ आली आहे.

१२ जानेवारी, रविवार

तालमीत बैठक घेतली. एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. तालमीचा अध्यक्ष अमरसिंह, आमचा अमऱ्या, माझाच विद्यार्थी. पाढे कधी आले नाहीत, पण माणसं गोळा करावीत तर त्यानंच. उठून म्हणाला, "बाई सांगतील तसं करायचं. इषय संपला!"

मी सांगितलं, रोख वर्गणी नको, मग त्यावरनं भांडणं होतात. ज्यानं त्यानं वस्तू द्यावी नाहीतर अंगमेहनत. झालं, लोक उठून उठून बोलायला लागले. कुणी ग्रॅनाइटचा बाक देतो म्हणालं, कुणी ऑइलपेंट, कुणी कारंजं. कोल्हापूरच्या माणसाला मागायचा अवकाश असतो. माझे डोळे भरून आले.

शेवटी मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. विजयसिंह नाव. बागेच्या मागचा मोकळा प्लॉट त्यांनी गेल्या वर्षी घेतलाय. पन्नाशीचे, स्वच्छ कपडे, बोलणं हळू. म्हणाले, "मॅडम, ट्रक, क्रेन, माणसं, जे लागेल ते माझ्याकडून. फक्त आधीचे आणि नंतरचे फोटो काढून ठेवा. समितीला दाखवायला बरे पडतील." शाळेत असा एक पालक मिळाला असता तर!

बाग समिती नेमली, मला सचिव केलं.

१९ जानेवारी, रविवार

श्रमदान. तालमीची साठेक पोरं, हातात तारेचे ब्रश. सकाळी सातला सुरुवात केली आणि अकराला दगड पांढरेफटक. शेवाळाची हिरवी सालं पाट्यांतून भरभरून बाहेर टाकली. इतक्या वर्षांची घाण ती.

चिमणाबाईनं तमाशा केला. तळ्याकाठच्या उंच दगडी दिव्याला दोन्ही हातांनी कवटाळून उभी. "ह्येला हात लावायचा न्हाय! संयू, सांग की ह्यास्नी! माझ्या आज्यानं धरलेलं हाय ह्ये!"

चारचौघांत मला अगंतुगं. मी तिला बाजूला घेतलं, म्हटलं, अगं, साहेब येणार, घसरून पडला म्हणजे? शेवाळ काय दाखवायची वस्तू आहे? गणपतीच्या आधी आपण अंगणातलं घासून काढतो की नाही?

ती म्हणाली, "अंगण येगळं, ह्ये येगळं." पोरांनी तिचे हात हळूच सोडवले. अमऱ्यानं तिला चहा आणून दिला, तो तिनं तसाच ठेवला.

विजयसिंहांनी फोटो काढले. दिव्याचे सगळ्या बाजूंनी काढले, अगदी पायाचे, सांध्याचेसुद्धा. काम करावं तर असं.

२० जानेवारी, सोमवार

चिमणाबाई ताक न्यायला आली नाही. कढी केली.

२ फेब्रुवारी, रविवार

विजयसिंहांनी दोन ट्रक पेव्हर ब्लॉक दिले. लाल आणि पिवळे. पाण्याकडं जाणारे ते वेडेवाकडे दगड होते, एक इथं, एक तिथं, माणसाला धड पाऊल टाकता येत नव्हतं, ते उचलून टाकले. आता सरळ रस्ता झालाय, व्हीलचेअरसुद्धा जाईल.

जुने दगड कुठं ठेवायचे हा प्रश्न होता. विजयसिंह म्हणाले, माझ्या गोदामात नेतो, तुम्हाला अडचण नको. एक कागद आणला होता, 'निरुपयोगी साहित्य हलवण्यास बाग समितीची हरकत नाही'. मी सही केली. प्रत्येक दगडावर त्यांच्या माणसांनी खडूनं आकडा घातला होता. मला हसू आलं. टाकाऊ दगडांचीसुद्धा हजेरी घेणारा माणूस पहिल्यांदाच बघितला.

९ फेब्रुवारी, रविवार

लाकडी कमानीचा पूल काढला. गडमुडशिंगीच्या बाळासोंनी आईच्या स्मरणार्थ लोखंडी पूल दिला, स्टीलच्या कठड्याचा. 'कै. धोंडुबाई यांच्या स्मरणार्थ' अशी पाटी दोन्ही टोकांना लावली. बाळासो पुलावर उभा राहून रडला. म्हातारी दर रविवारी मुडशिंगीहून या बागेत यायची म्हणे, दुसरीकडं कुठं जायचीच नाही.

जुना पूलही गोदामात गेला. एक दिवस लावून खिळा न् खिळा सोडवून नेला. मोडून नेला असता तर तासाचं काम होतं.

एक गोष्ट लिहून ठेवते. परतताना बघितलं तर विजयसिंह चिमणाबाईच्या खोलीपुढं उकिडवे बसलेले. एवढा मोठा माणूस, हातात वही. तिला विचारत होते, ताक किती पातळ करायचं, दगडाच्या कुठल्या अंगाला टाकायचं, उन्हाळ्यात किती वेळा. आणि ती सांगत होती! माझ्याशी तीन आठवडे धड बोलली नाही आणि त्यांना तासभर सांगत होती. मनात आलं, आता शेवाळच राहिलं नाही, मग विचारून उपयोग काय? पण तिचं मन राखायला विचारत असतील. साधा माणूस आहे.

२ मार्च, रविवार

वाकडा सुरूवृक्ष काढला. तळ्यावर ओणवा झालेला, माणसाएवढाच उंच. नव्वद वर्षं छाटून छाटून तेवढाच ठेवलेला. खाली टेकू. तपासणीला आलेल्या माणसाला वाटेल, झाडाला रोग आहे. त्याच्या जागी रॉयल पाम येणार, सरळसोट.

तोडायला पोरं कुऱ्हाड घेऊन आली होती. विजयसिंहांनी थांबवलं. मुळाभोवती लांबून खणलं, मातीचा गड्डा गोणपाटात बांधला, क्रेननं अलगद उचलला. त्यातच संध्याकाळ झाली. मी विचारलं, एवढं कशाला? म्हणाले, "जीव आहे ना मॅडम." मला माझीच लाज वाटली.

चिमणाबाई ट्रकमागं फाटकापर्यंत चालत गेली. मी हाक मारली, तिनं वळून बघितलं नाही. मला राग आला, मग वाईट वाटलं, मग पुन्हा राग आला. मी हे सगळं कुणासाठी करतेय? तिचीच खोली वाचावी म्हणून ना?

२१ मार्च, शुक्रवार

आज सुनेशी, अनुजाशी वाजलं. पत्र फ्रिजवर चिकटवलं होतं, ते वाचून म्हणाली, "आई, यात 'मूळ स्वरूप' लिहिलंय. मूळ म्हणजे पहिलं होतं तसं ना?"

मी म्हटलं, सरकारी भाषा मी तुझ्या जन्माआधीपासून वाचते. तपासणीला यायचं असतं तेव्हा साहेब लोक असंच लिहितात. बघतात काय? रंगरंगोटी, स्वच्छता आणि आपण स्वागत कसं करतो ते.

दुपारी मीच पत्र पुन्हा वाचलं. दोनदा वाचलं. मूळ स्वरूप. मग स्वतःलाच म्हटलं, शाळेचं मूळ स्वरूप टिकवा म्हणजे काय गळकी कौलं तशीच ठेवा असं असतं का? तरी विजयसिंहांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही शंका घेऊ नका. लोकसहभाग बघून समिती थक्क होईल." फोन ठेवल्यावर बरं वाटलं. पण जेवण गेलं नाही, हेही लिहून ठेवते.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

उद्घाटन दणक्यात झालं! हलगी, लेझीम, जिलेबी. कारंज्याला रंगीत दिवे. फाटकाशी माणसाएवढी अक्षरं, 'माझी जपानी बाग', तिथं फोटोसाठी रांग. तळ्याच्या कडेला फायबरचे दोन बगळे. एकवीस बाक, प्रत्येकावर कुणाच्या तरी आईवडिलांचं नाव. पांढरी वाळू होती तिथं चिमणाबाई रोज पहाटे दाताळ्यानं रेघा ओढायची. तिथं आता हिरवं प्लॅस्टिकचं गवत, पोरं खेळताहेत. बागेत एवढी पोरं मी जन्मात बघितली नव्हती. हे वाईट आहे असं मला कुणी सांगूच नये.

दगडी दिवाही नवा, सिमेंटचा, वर सोनेरी ऑइलपेंट. जुना परवा गोदामात गेला.

माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा. मी चिमणाबाईला व्यासपीठावर बोलवायचं ठरवलं होतं. शोधलं तर ती खोलीमागं, बागेकडं पाठ करून बसलेली. मी गुढीची साखरगाठ तिच्या हातात दिली. तिनं घेतली. "संयू, तू दमलीस गं," एवढंच म्हणाली. हे ती प्रेमानं म्हणाली का, ते मला कळलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

समिती आली. तिघं. दोन पुरुष आणि तिशीतली एक बाई, गळ्यात कॅमेरा. फाटकात मुलींनी स्वागतगीत म्हटलं, मी गुलाब दिले. तिघंही अक्षरांपाशी थांबले ते थांबलेच.

बाईनं विचारलं, "दिवा कुठाय?" मी सोनेरी दिवा दाखवला. "हा नव्हे. जुना." मग पुलाचं विचारलं, सुरूचं विचारलं. शेवाळाचं विचारताना आवाज इतका खाली गेला की मला पुन्हा विचारावं लागलं.

मी म्हटलं, थांबा, सगळं दाखवते, आणि अल्बम दिला. डावीकडं आधीचं, उजवीकडं नंतरचं. खाली माझी सही, सचिव म्हणून शिक्का. तिनं पान न् पान बघितलं. डावीकडचीच पानं जास्त बघत होती. मग म्हणाली, "हे तुम्ही केलंत?"

"लोकसहभागातून," मी म्हटलं.

"किती सुंदर होतं," ती म्हणाली. होतं म्हणाली. अल्बम ठेवून घेऊ का विचारलं, मी दिला. चहा घेतला नाही. तपासणीला आलेला माणूस चहा न घेता गेला की काय समजायचं, ते एकतीस वर्षांत मला चांगलं कळलंय. पण मी अमरसिंहला सांगितलं, घाईत होते.

विजयसिंह आज आले नव्हते. फोन लागला नाही.

२ जून, सोमवार

बाग वगळली.

'मूळ वैशिष्ट्यांपैकी एकही जागेवर शिल्लक नाही. पाहा: सोबत जोडलेला छायाचित्रसंग्रह, सादरकर्ती सचिव सौ. संयोगिता इंगवले.' उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. जानेवारीत पोरांनी शेवाळ घासलं तेव्हाच बाग गेली होती, आणि पुढं उभी राहून घासायला मीच लावलं होतं. गल्लीतला एकही माणूस मला काही बोलला नाही. एखादा तरी बोलायला हवा होता.

चिमणाबाईला सांगायला गेले. खोलीला कुलूप. खिडकीतून बघितलं तर भिंतीवरचं दाताळं नाही, आजोबांचा फोटो नाही. अमरसिंह म्हणाला, परवा एक जीप आली होती, स्वतःहून बसून गेली. कुठं, कुणाला माहीत नाही.

अमऱ्या विजयसिंहांच्या ऑफिसातही जाऊन आला. ते बंद. गोदामाचा पत्ता विचारला तर तसं गोदामच कुठं नाही.

८ जून, रविवार

अनुजानं मोबाइल पुढं धरला. जाहिरात होती. मलकापूरजवळ नवीन रिसॉर्ट, 'शंभर वर्षांपूर्वीची अस्सल जपानी बाग, जशीच्या तशी'. फोटोत आमचा पूल. आमचा दिवा. टेकू लावलेला सुरू.

मी आंघोळीला जाते म्हणाले आणि न्हाणीत नळ सोडून रडले. लहान पोरीसारखी रडले.

१६ जून, सोमवार

पहाटे लोणी काढलं, ताक पातळ केलं, तांब्याला फडकं बांधलं आणि मलकापूरची एसटी धरली. जाऊन काय करणार होते, माहीत नाही. भांडणार होते बहुतेक. शब्द जुळवत होते, बांबवड्यापर्यंत सगळे विसरले.

फाटकावर तिकीट. काढलं. रखवालदारानं पिशवी बघितली. "आज्जी, भायेरचं खाणंपिणं आत चालत न्हाय."

"हे खायचं नाही बाबा. दगडाला घालायचं आहे."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की माझी मलाच लाज वाटली. तांब्या त्याच्या टेबलावर ठेवून आत गेले.

बाग तिथं होती. पाण्याकडं जाणारे दगड त्याच ओळीत, म्हणजे तसेच वेडेवाकडे. पूल, वाळू, वाळूतल्या रेघा. तळ्याच्या कडेला दिवा, आणि दिव्याच्या पायाशी, सावलीच्या अंगाला, तळहाताएवढं हिरवं. नवीन धरलेलं. मी लहान असताना जशी शांत वाटायची तशीच शांत. ज्या माणसाला मी साधा म्हटलं त्याच्या एकट्याच्या डोळ्यांना हे दिसलं, आणि आम्हा सगळ्या गल्लीला दिसलं नाही.

चिमणाबाई वाळूच्या कडेला बसलेली. निळी टोपी, निळा शर्ट, खिशावर रिसॉर्टचं नाव. साडीवरच चढवलेला.

"संयू? तिकीट काढून आलीस?"

मी म्हटलं, "चिमणे, त्यानं फसवलं गं आपल्याला. चोरून आणलंय हे सगळं. आणि तू त्याच्याकडं आलीस?"

तिनं दाताळं खाली ठेवलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"चोरून कसं? कागूद दावला की त्येनं मला. तुझी सही हाय त्येच्यावर. लहानपणापास्नं वळखते मी तुझी सही, शेपूट लांब काढतीस." मग म्हणाली, "मला वाटलं, संयूला ह्ये नको झालंय. नको झालेलं कुणीतरी नेलं, तर आपुन त्येच्यासंगं जावं. दगडास्नी कोण हाय दुसरं?"

तिनं माझ्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडं बघितलं.

"ताक आणलंस व्हय? आज सोमवार."

"फाटकावर ठेवून घेतलं."

"हितं पिशवीतलं येतंय, डेअरीचं. बरं हाय," ती म्हणाली आणि पुन्हा रेघा ओढायला लागली. कारण दुपारी पाहुणे येणार होते आणि आधीच्या रेघा माझ्या पायांनी मोडल्या होत्या.

परतताना रखवालदारानं तांब्या हातात दिला, धुऊन पुसून. "पावणं, ताक झकास होतं," म्हणाला. "ऊन लई हाय, म्हटलं नासून जाईल, पिऊन टाकलं. चाललं न्हवं?"

मी चाललं म्हणाले. रिकामा तांब्या मांडीवर घेऊन एसटीत बसले. पेठेत पोचले तर आमच्या बागेच्या फाटकावर आज पत्रे ठोकलेत, वाहनतळाची पाटी लागली आहे. गल्लीतल्या दोन-तीन घरांनी सवयीनं ताक बाहेर ठेवलं होतं. ते तसंच उंबऱ्यावर होतं.